पाच मोजे, बाकीचे पाडव्याला

लोकर जळाल्याचा वास धुरपताला बांधावरच आला. धनगराच्या घरात जन्मलेल्या बाईला तो ओळखायला वेळ लागत नाही. केस जळाल्यासारखा, पण जड, घशात बसणारा. तिनं डोक्यावरचा पाल्याचा भारा तिथंच टाकला आणि घराकडं धावली.

तिची माय, सिताबाई, चुलीपुढं उकिडवी बसली होती. हातातल्या काठीनं निखाऱ्यात काहीतरी दाबत होती. चुलीच्या तोंडाशी एक तुकडा जळायचा राहिला होता. त्याचा रंग पळसाचा होता.

"माय, काय जाळलंस?"

"मोजे." सिताबाईनं मान वर केली नाही. "पाचीच्या पाची. धुळाप्पाला बाजारातनं धरून नेलंय. आता घर झडतील. त्याच्यात तिन्ही रंग हुते, धुरपते. म्या काय करावं?"

धुळाप्पा धुरपताचा पाठचा भाऊ. घरात तेवढाच एक पुरुष, आणि मेंढरांमागं जाणारा तोच.

ते अठ्ठेचाळीस साल होतं. चैत्र तोंडावर आला होता. बाकीचा मुलूख स्वतंत्र झाला होता आणि बेंबळीच्या शिवारात अजून निजामाचा अंमल होता. पलीकडं बार्शीच्या अंगाला तिरंगा उघड फडकत होता. अलीकडं त्या तीन रंगांची चिंधी घरात सापडली, तर घरधनी परत येईल याचा भरवसा नव्हता. सरहद्दीकडची काही गावं आम्ही निजामाला मानत नाही म्हणून उठली होती. त्यामुळं अंमलदारांची झोप उडाली होती आणि रझाकारांच्या टोळ्या कुठल्या गावात कधी शिरतील याचा नेम राहिला नव्हता.

अशा दिवसांत ही बाई मोजे विणत बसली होती. तेही रंगीत.

त्याचं असं झालं होतं. नवरा, बिरदेव, पटकीत गेल्यावर धुरपता माहेरी येऊन राहिली. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा बाभळीवरून पाला तोडताना ती पडली आणि मांडीचं हाड मोडलं. सोलापूरच्या दवाखान्यात तिला बरेच महिने पडून राहावं लागलं. तिथं एक नर्सबाई काम आटोपलं की खाटेशेजारी बसून लढाईवरच्या शिपायांसाठी मोजे विणायची. धुरपता पडल्या पडल्या तिचे हात बघायची. सुया चार, धागा एक, आणि बघता बघता पायाचा आकार. सूत काढणं धनगराच्या बाईला नवं नव्हतं. मागावर घोंगडी तिनं पुष्कळ पाहिली होती. पण घोंगडीला टाच नसते. मोजा टाचेपाशी वळतो, ते वळण तिला फार आवडलं.

एकच गोष्ट खटकायची. सगळे मोजे खाकी. एकदा तिनं विचारलं, बाई, पळसाच्या रंगाचा का करत नाही? नर्सबाई हसून म्हणाली होती, शिपाई लांबून दिसेल ना गं, गोळी खाईल.

घरी आल्यावर तिनं छत्रीच्या मोडक्या काड्या दगडावर घासून सुया केल्या. कोकरांची पहिली कातरलेली लोकर मऊ असते, ती वेगळी ठेवायला लागली. फाल्गुनात पळसाची फुलं उकळून, तुरटी घालून नारिंगी काढला. कोवळ्या पालवीचा हिरवा सहज निघेना. शेवटी हळदीत रंगवलेली लड तेरच्या रंगाऱ्याच्या निळीत बुडवून आणली, तेव्हा जमला. लिंबाच्या मोहराला पांढरी लोकर जशीच्या तशी चालली. माळावर उन्हाळ्याच्या तोंडाला जे जे फुटतं ते तिला पायात घालायचं होतं. गावातल्या बाया हसल्या. धनगराच्या पायात वहाण टिकत नाही, आणि ही मोजे करतीय.

गिऱ्हाईक मिळालं ते बेंबळीच्या महालिंगप्पा शेटजींचं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. जावई सोलापूरला शिकलेला, बूट घालणारा. लग्न वैशाखातलं, तर वऱ्हाडातल्या मानकऱ्यांना असे चैत्राच्या रंगाचे मोजे द्यावेत, असं शेटजींच्या मनानं घेतलं. पण इकडचं वारं फिरलं तसं शेटजींनी बायकापोरांसह सरहद्द ओलांडली. मोजे तयार झाले की दुकानातल्या शांतलिंगनं आणून द्यायचे, असं ठरलं.

आणि त्या दिवशी तीन कोसांवरच्या बाजारात धुळाप्पानं शांतलिंगला गाठलं आणि निरोप सांगितला. "पाच मोजे तयार हैत. बाकीचे पाडव्याला."

एवढंच बोलला. त्याच्या मागं मिरच्यांच्या ढिगाशी गुंडाप्पा उभा होता.

गुंडाप्पा गिर्दावर होता, म्हणजे गावोगावच्या जमिनीची दप्तरं तपासणारा सरकारी माणूस. आळंदकडचा. घरी कानडी बोलायचा. मराठी शिकला ती दप्तरातून. कानडीत मोज्याला कालचीला म्हणतात, पायाची पिशवी. मोजे हा शब्द त्याच्या कानावरून कधी गेला नव्हता. मौजे मात्र दिवसभर त्याच्या लेखणीखालून जात होता. मौजे बेंबळी, मौजे तेर, मौजे माकणी. सरकारी कागदात गावाच्या नावाआधी तो लागतोच. बाजाराचा गलका, त्यात धनगराची बोली. गुंडाप्पानं ऐकलं ते असं: पाच गावं तयार आहेत, बाकीची पाडव्याला.

पाडव्याला दारोदार काठी उभी राहते आणि तिच्यावर कापड चढतं. ते कापड कोणत्या रंगाचं असेल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. माणूस दुष्ट नव्हता. पण ऐकलं आणि सांगितलं नाही, हे उद्या बाहेर आलं असतं तर पहिली मान त्याचीच गेली असती. तो तसाच चावडीवर अमिनाकडं गेला. अमीन म्हणजे त्या भागातला पोलिसांचा अंमलदार.

बाजारात झालं ते शांतलिंगनं तिन्हीसांजेला येऊन धुरपताला सांगितलं. त्यानं गर्दीत पळ काढला होता. पळताना त्यानं गुंडाप्पाचा आवाज ऐकला होता, पाच गावं, पाच गावं असं शिपायांना सांगणारा. धुळाप्पा पळाला नाही, कारण पळण्यासारखं आपण काही केलंय हेच त्याला ठाऊक नव्हतं. पाण्याचा तांब्या तोंडाला लावून शांतलिंग म्हणाला की उद्या उन्हं उतरली की अमीन मोटारीतनं धाराशिवला जाणार आहे, धरलेल्यांना घेऊन. तिथून पुढं कुठं नेतात ते कुणाला कळत नाही. मग तो सरहद्दीच्या वाटेला लागला. थांब, माझ्याबरोबर चल, शेटजींचं नाव सांग, असं धुरपतानं विनवलं. त्यानं मान खाली घातली. त्याला बायको होती.

सिताबाईचं म्हणणं, आपल्याला काही म्हाईत न्हाय म्हणून सांगायचं. धुरपताला ते पटेना. खरं सांगण्याशिवाय तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. आणि खऱ्याचा पुरावा चुलीत गेला होता. मायला बोलावं असंही तिला वाटलं नाही. ते मोजे झडतीत सापडले असते तर वेगळं काय झालं असतं?

परसात कुपाटीवर तीन लड्या वाळत होत्या. चुलीतून तेवढ्या वाचल्या होत्या. त्या आणि सुया तिनं फडक्यात बांधल्या. खांद्यावर आपली काळी घोंगडी टाकली आणि फटफटताना बाजारगावाकडं निघाली.

चावडीच्या ओसरीवर अमीन खुर्चीत बसला होता. बारीक अंगाचा, डोळे तांबारलेले. हैद्राबादकडून येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. बाजूला बंदूकवाला शिपाई. कोपऱ्यात दप्तराचा बस्ता पुढं घेऊन गुंडाप्पा. मागच्या खोलीचं दार खालून कुजलं होतं. त्या फटीतून आत आडव्या पडलेल्या माणसाचे दोन तळपाय दिसत होते. धुरपतानं ते बघितले, भावाचे म्हणून ओळखले आणि लगेच नजर काढून घेतली. बघत राहिली असती तर बोलता आलं नसतं.

तिनं सगळं सांगितलं. दवाखाना, नर्सबाई, शेटजी, लग्न. अमिनाला मराठी बरीच कळत होती. मोजा तर त्याच्याच भाषेतला शब्द. पण त्याला ते पटेना. धनगराची बाई आणि मोजे? आणि ज्या शेटजीचं नाव घेते तो सरहद्दीपलीकडं, ज्याला निरोप दिला तोही फरार.

"कितने मोजे?" त्यानं विचारलं.

"पाच, सरकार."

"आदमी के पाँव कितने होते?"

"दोन."

"तो पाँच किसके?"

धुरपताचं उत्तर आलं ते घरच्यासारखं आलं. "म्या जोडी करीत न्हाय, सरकार. एकेक करते. पाचवा सहाव्याची वाट बघत हुता."

शिपाई खुदकन हसला. अमिनानं बघितलं तसा गप्प झाला.

मोजे दाखव, असं अमीन म्हणाला. ती म्हणाली, मायनं जाळले. का, यावर ती म्हणाली, भिऊन. मोज्यांना कोण भितं, असं त्यानं विचारलं. याला तिच्याकडं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. अमिनाचं तोंड घट्ट होत चाललं. त्यानं शिपायाकडं हात हलवला, हिला बाहेर काढ अशा अर्थी.

"सरकार, म्या हितंच इणते," ती म्हणाली. "तुमच्या म्होरं. त्याच्या पायाच्या मापाचा. त्याच्या पायात बसला तर खरा माना."

अमिनानं बाहेर उभ्या मोटारीकडं बघितलं. मग म्हणाला, मोटार सुटेपर्यंत. त्यानंतर एक घटकाही नाही.

तिनं खांबाला टेकून बसकण मारली आणि फडकं सोडलं. घरी अंधारात बांधताना तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आता चावडीच्या उजेडात तिन्ही लड्या शेजारी शेजारी पडल्या. नारिंगी. पांढरी. हिरवी.

पण शिपायाची नजर सुयांवर होती. ह्या सुया आहेत की सळ्या, म्हणून त्यानं एक उचलून टोक अंगठ्यावर घासून बघितलं. तेवढ्यात धुरपता लुगडं सावरल्यासारखं करून सरकली आणि हिरव्या लडीवर बसली.

आता तिला उठता येणार नव्हतं.

नारिंगी धाग्यानं सुरुवात केली. माप तिला पाठ होतं. भावाच्या पायाचा काटा तिनंच कितीदा काढला होता. हात चालू लागले. शिपाई बंदूक घेऊन तिच्याजवळच बसला. ती सुई वर उचलायची तेव्हा त्याची बंदूक हलायची. आत कुणी कण्हत नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. ऊन पायरी चढून ओसरीवर आलं. मोज्याचा वरचा पट्टा झाला, घोटा आला.

तेव्हा तिनं मन घट्ट करून फटीकडं नीट बघितलं. दोन्ही तळव्यांवर छड्या बसल्या होत्या. तळवे भिजवलेल्या कणकेसारखे फुगले होते. बोटं एकमेकांपासून फाकली होती. तिला पाठ असलेलं माप त्या पायाचं राहिलं नव्हतं. हा मोजा त्यात जाणार नव्हता.

तिनं सुया काढल्या आणि धागा ओढला. झालेला मोजा भराभर उसवत गेला.

"क्या हुआ?" अमीन खुर्चीतून म्हणाला. "नहीं आता ना?"

"येतंय, सरकार. पाय मोठा झालाय."

अमिनानं आधी तिच्याकडं बघितलं, मग दाराकडं. मग तो समोरच्या कागदात बघू लागला. बराच वेळ त्यानं पान उलटलं नाही.

तिनं पुन्हा टाके घातले, आता जास्त. वेळ गेला तो गेला. बोटं भराभर चालली तरी दोन गोष्टी तिला दिसत होत्या. एक म्हणजे सावली. दुसरी म्हणजे नारिंगी लड. मोजा रुंद झाला होता आणि लड पुरणार नव्हती. टाच वळवायच्या आतच दुसरा धागा जोडावा लागणार होता. समोर पांढरी होती. तिनं ती ओढून घेतली आणि टोक जोडायला लागली.

"भगवा हुआ, सफेद हुआ," शिपाई जांभई देत म्हणाला. "अब एकच बाकी रहा."

तो गमतीनं म्हणाला की कसं, हे तिला कळलं नाही. वर बघायचं धाडस झालं नाही. बसल्या जागी हिरवी लड तिला निखाऱ्यासारखी लागली. पांढरा धागा तिनं अलगद सोडून दिला, जणू तो नापसंत पडला. मग खांद्यावरची घोंगडी पुढं ओढली आणि तिच्या दशांतून काळा धागा उपसायला सुरुवात केली. राठ लोकर, पण पक्की. दशा संपल्या तेव्हा तिनं काठ उसवला. ती घोंगडी तिच्या नवऱ्याच्या, बिरदेवच्या हातची होती. त्याचा तिला त्या वेळी विचारही आला नाही.

नारिंगीला काळा लागला आणि तिचे हात क्षणभर थांबले. जळालेल्या पाची मोज्यांत तिला कायम काहीतरी उणं वाटायचं. रंग पळसाचाच, पण पळस दिसायचा नाही. आता दिसला. पळसाच्या फुलाला देठाशी काळी, मखमली वाटी असते. नारिंगी पाकळ्या त्या काळ्यातून निघतात. इतकी वर्षं त्या झाडांखाली मेंढरं बसवली आणि हे आपण मोज्यात घेतलंच नव्हतं. तिला हसू आलं आणि ते ओठांतच राहिलं. जागा हसायची नव्हती.

पूर्वी मोडलेली मांडी आता ठणकू लागली. तिनं पाय पसरला नाही. कोतवालानं पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवला, ये पी म्हणाला. तिनं मान हलवून नको म्हटलं. ओठ सुकून चिकटत होते. कोतवाल चिडून म्हणाला की तुझ्यासाठी तांब्या काय तिथं चालत येईल?

तांब्या घेऊन आला तो गुंडाप्पा. सकाळपासून तो कोपऱ्यातून बघत होता. आधी त्याला वाटलं, ही पिशवी विणते आहे. मग पिशवी मध्येच वळली. काळी टाच तयार झाली. त्यानं लेखणी खाली ठेवली होती आणि पुन्हा उचलली नव्हती. तांब्या देताना तो वाकला, आणि वाकल्यावर त्याला दिसलं. धुरपताच्या लुगड्याच्या काठाखालून हिरव्या धाग्याचं एक टोक बाहेर आलं होतं.

त्यानं बघितलं हे तिनं बघितलं.

ज्या माणसाच्या तोंडून निघालेल्या शब्दानं हा दिवस उगवला होता, त्याच माणसापुढं ती बसली होती. त्यानं नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. धुरपतानं तांब्या तोंडाला लावला. गुंडाप्पा उभाच होता. मग तो कोपऱ्यात गेला, आपला बस्ता उचलून आणला, इथं उजेड बरा आहे असं काहीतरी पुटपुटला आणि तिच्या शेजारी बैठक मारून बसला. अगदी लागून. कानडीत तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता. देवाचं नाव असावं.

बाहेर मोटारीचं इंजिन फुरफुरलं तेव्हा ती बोटांकडचा भाग मिटवत होती. शेवटचा टाका ओढून तिनं धागा दातानं तोडला.

"झाला."

धुळाप्पाला दोघांनी धरून बाहेर आणलं. त्याला उभं राहता येत नव्हतं. ओसरीवर बसवल्यावर त्यानं बहिणीकडं बघितलं.

"आक्का," तो म्हणाला, "म्या तर निरोपच सांगितला गं."

ती उठली. उठावंच लागलं. अंगाखालची जागा उघडी पडली, आणि त्याच वेळी गुंडाप्पाचा बस्ता फरशीवर घासत आला आणि त्या जागेवर बसला. धुरपतानं मागं वळून बघितलं नाही. आवाजावरून तिला कळलं.

तिनं भावाचा पाय मांडीवर घेतला. मोजा गोळा करून बोटांवरून चढवला. तळव्याला लोकर लागली तशी त्याची मान ताठ झाली, पण तोंडातून आवाज निघाला नाही. घोट्यावरून मोजा वर गेला. टाच टाचेवर आली.

बसला.

अमीन खुर्चीतून उठून जवळ आला. खाली वाकून त्यानं मोज्याच्या काठात बोट घालून ताणून बघितला. मग ज्या सवालाची ती दिवसभर धास्ती धरून होती, तोच त्यानं विचारला.

"ये रंग क्यों? भगवा क्यों?"

"भगवा न्हाय, सरकार. पळस हाय."

त्याला तो शब्द कळला नाही. धुरपतानं चावडीच्या मागल्या अंगाला बोट केलं. तिथं एक पळस उभा होता, फुलं गळायला लागलेला. शिपाई गेला आणि एक फूल उचलून घेऊन आला. अमिनानं ते देठाला धरून मोज्याशेजारी धरलं. काळी वाटी, तिच्यातून वळून निघालेली नारिंगी पाकळी. मोज्यात खालून वर तेच होतं.

"कालचीला," गुंडाप्पा मागून म्हणाला. त्याचा आवाज चिरका निघाला. "कालचीला हाय हे. साब, मैं मौजे सुना. गाँव सुना. मेरे कान की गलती है, साब."

अमिनानं दोन्ही शब्द स्वतःशी म्हणून बघितले. मौजा. मोजा. त्याच्या तोंडात ते वेगळे होते. हसेल असं वाटलं, पण हसला नाही. फूल त्यानं ओसरीवरून खाली टाकलं आणि हात धोतराला पुसावा तसा पाटलोणीला पुसला.

"ले जाव," तो म्हणाला.

मोटार मात्र रिकामी गेली नाही. खोलीत आणखी दोघं होते. शेजारच्या कुठल्या गावचे, तोंडं धड दिसली नाहीत. त्यांच्यासाठी कुणी काही विणलं नव्हतं. मोटार निघून गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत धुरपता हलली नाही. ती दोन माणसं तिला पुढं आयुष्यभर आठवायची.

एका पायात मोजा आणि दुसरा उघडा, असा धुळाप्पा बैलगाडीत पडून घरी आला. सिताबाईनं दारातच त्याचे पाय बघितले आणि भाकरतुकडा ओवाळायला विसरली. तिनं मोज्यावरून नुसता हात फिरवला. दुसऱ्या पायाचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा धुरपता म्हणाली, पाडव्याला.

पाडव्याला त्या वर्षी पुष्कळ घरांपुढं काठी उभी राहिली नाही. धुरपता दारात बसून दुसरा मोजा विणत होती. काळा धागा त्याच घोंगडीतून काढलेला. दुपारी तो पुरा झाला. सूज उतरल्यावर दोन्ही मोजे धुळाप्पाला ढगळ झाले, तरी थंडीत तो तेच घालायचा. डाव्या पायानं तो पुढं कायम लंगडत चालला. मेंढरं त्याच्या चालीला सरावली.

भाद्रपदात निजामाचा अंमल संपला. महालिंगप्पा शेटजी परतले. मुलीचं लग्न होऊन गेलं होतं, तरी त्यांनी मोजे मागितले आणि धुरपतानं करून दिले. त्यानंतर एका बाजारच्या दिवशी गुंडाप्पा तिला शोधत बेंबळीला आला. जुन्या कापडाची लहान गुंडाळी तिच्यापुढं ठेवली. आत हिरवी लड होती. लोकरीला कसर लागू नये म्हणून त्यानं लिंबाचा पाला घालून ठेवली होती.

"हे तुमचं राह्यलं होतं, बाई," तो म्हणाला. मग जाता जाता थांबला. त्याच्या म्हाताऱ्या बापाचे पाय थंडीत गार पडतात, असं त्यानं सांगितलं. काय हवं ते मराठीत सांगायचं होतं. तोंड उघडलं, शब्द जिभेवर आला आणि त्याला तो म्हणवेना. त्यानं नुसतं आपल्या पायाकडं बोट दाखवलं.

धुरपतानं त्याच्या बापासाठी मोजे विणले. वर हिरवा, खाली काळा. पैसे घेतले की नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही.

ती पुष्कळ जगली. डोळे अधू झाले तरी बोटांना टाके दिसत होते. चैत्र जवळ आला की तिच्या दारात लड्या वाळत पडायच्या, आणि आता त्या कुठल्याही क्रमानं पडल्या तरी चालत होतं. तरी ती हिरवी लड वेगळ्या काठीवर टाकायची. चावडीवरची गोष्ट गावभर झाली होती. येणारे-जाणारे तिच्या ओट्याशी थांबून तिला डिवचायचे.

"काय धुरपताआत्या, किती गावं तयार झाली?"

ती सुईवरची नजर काढायची नाही.

"पाच," म्हणायची. "बाकीची पाडव्याला."